चेफालू (सिसिली): जाण्याआधी हमखास पडणारे प्रश्न

चेफालू नेमकं आहे कुठे? उच्चार कसा करायचा?

इटलीच्या दक्षिणेला असलेल्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, बेटाची राजधानी पालेर्मो हिच्या पूर्वेला सुमारे 70 किलोमीटरवर. वस्ती साधारण 14 हजार. समोर तिऱ्हेनियन समुद्र, म्हणजे भूमध्य समुद्राचाच एक भाग, आणि पाठीशी सरळसोट उभा असलेला चुनखडीचा प्रचंड कातळ. त्याला सगळे नुसतं 'ला रोक्का' म्हणतात. गावाचं नावही त्याच्यावरूनच पडलं. ग्रीक भाषेत 'केफाले' म्हणजे डोकं, आणि समुद्रात घुसलेलं हे डोकं पाहून ग्रीकांनी गावाला केफालॉइडिओन म्हटलं. आजचा उच्चार 'चेफालू', जोर शेवटच्या 'लू'वर. 'सेफालू' म्हटलंत तरी तिकीट मिळतं, पण स्टेशनवरची घोषणा ऐकताना गोंधळ होतो.

पालेर्मोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का?

येईल, बहुतेक लोक तेच करतात, आणि म्हणूनच त्यांना गाव नीट दिसत नाही. दहाच्या गाडीने आलेला माणूस भर उन्हात कॅथेड्रलपर्यंत चालत जातो, दुपारी एकला सगळं बंद झालेलं पाहतो, गर्दीत जेवतो आणि पाचच्या गाडीने परततो. चेफालूचे चांगले तास दोन: सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. किमान दोन रात्री राहा. आसपासचे डोंगरही पाहायचे असतील तर चार.

यामागे भूगोल आहे. कातळ गावाच्या पूर्वेला, समुद्र आणि पुळण पश्चिमेला. सूर्य कातळामागून उगवतो, त्यामुळे चढणीची वाट सकाळी बराच वेळ सावलीत असते. कॅथेड्रलचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून त्याचा दर्शनी भाग मावळतीच्या उन्हात उजळतो. तेव्हा कातळ सकाळी, दुपारी घरात किंवा संग्रहालयात, चौक आणि पुळण संध्याकाळी. हा क्रम उलटा केला की फोटोही बिघडतात आणि डोकंही दुखतं.

भारतातून जायचं कसं?

मुंबईहून पालेर्मोला थेट विमान नाही. रोम किंवा मिलानला बदलून पालेर्मोचं विमान घ्यावं लागतं. पालेर्मोचा विमानतळ (फाल्कोने-बोर्सेलिनो, जागेचं नाव पुंता राइसी) शहराच्या पश्चिमेला सुमारे 35 किलोमीटरवर आणि चेफालू शहराच्या पूर्वेला. त्यामुळे सगळं शहर ओलांडावं लागतं. विमानतळाच्या इमारतीखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून पालेर्मो चेंत्राले (शहराचं मुख्य स्टेशन) एक तासाच्या आसपास, तिथे गाडी बदलून चेफालू पाऊण ते एक तास. प्रत्येक टप्प्याचं भाडं साधारण 6 ते 8 युरो. गाड्यांमधलं अंतर धरून विमानतळ ते चेफालू अडीच-तीन तास हाताशी ठेवा. रात्री उशिरा उतरणार असाल तर पहिली रात्र पालेर्मोत काढणं शहाणपणाचं, कारण शेवटची गाडी हुकली की टॅक्सीचा आकडा विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करतो.

कातानियाला स्वस्त विमान मिळालं तर मोहात पडण्याआधी नकाशा पाहा. तो विमानतळ बेटाच्या पूर्व टोकाला आहे. गाडीने दोन-सव्वादोन तास, रेल्वेने बेटाच्या ईशान्य टोकाच्या मेसिनाला वळसा घालून त्याहून कितीतरी जास्त.

आणखी एक रस्ता आहे, आणि वेळ असेल तर तोच घ्यावा: रोम किंवा नेपल्सहून पालेर्मोला जाणारी इंटरसिटी गाडी. मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी तिचे डबे तोडून चक्क बोटीच्या पोटात ढकलतात, पलीकडे काढून पुन्हा जोडतात. ही गाडी चेफालूला थांबते. रात्रीच्या गाडीत झोपेची जागा आधी राखून ठेवा.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज इटलीच्या मुंबई वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रांत दिले जातात. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, सहाखालच्यांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाप्रमाणे निर्णयाला 15 दिवस, पण उन्हाळ्यात अर्ज देण्याची तारीख मिळण्यातच आठवडे जातात. खरा उशीर तिथे होतो. किमान 30 हजार युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण लागतं.

अर्ज फेटाळला जाण्याचं एक टाळता येण्याजोगं कारण: कागदांवरचे मुक्काम आणि अर्जातला देश जुळत नाहीत. फ्रान्समध्ये पाच रात्री आणि सिसिलीत तीन असतील तर अर्ज फ्रान्सकडे करायचा, इटलीकडे नाही. जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार तो देश.

रेल्वेच्या तिकिटात काय चुकतं?

कागदी तिकीट घेतलं की काम संपलं, हा समज. प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड जागेवर. फोनवर काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही. पर्यटक परदेशी आहे म्हणून तपासनीस सोडून देईल या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट संपाची. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक गाड्या धावतातच. संपाच्या दिवशी परतीचं विमान असेल तर सकाळच्याच पट्ट्यातली गाडी पकडा. रविवारी गाड्या मुळातच कमी असतात.

चेफालू स्टेशन ते कॅथेड्रल साधारण एक किलोमीटर, चालत पंधरा मिनिटं. रिक्षा-टॅक्सी शोधण्यात तितकाच वेळ जातो.

कोणत्या महिन्यात जावं?

मेच्या मध्यापासून जूनअखेर, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. कोकणातल्या माणसाला इथे डोक्यातलं पंचांग उलटं करावं लागतं: पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा ठणठणीत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर पिवळे पडलेले दिसतात, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवेगार. आपल्याकडे मे महिन्यात विहिरी आटतात तशी इथली आणीबाणी ऑगस्टमधली. मधूनच आफ्रिकेकडून शिरोक्को वारा आला की हवा भट्टीसारखी तापते आणि धुळीने आभाळ मातकट होतं. दोन-तीन दिवसांत तो ओसरतो.

समुद्राचं पाणी ऑगस्टमध्ये सर्वांत उबदार, 26 अंशांच्या आसपास. पण ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर असते. 15 ऑगस्ट त्यांचाही मोठा सण (फेरागोस्तो), आणि त्याच्या आगेमागे खोल्यांचे दर दुप्पट होतात, पुळणीवर टॉवेल टाकायला जागा उरत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाणी अजून 22-23 अंश असतं आणि गर्दी गेलेली असते. आम्हाला विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा.

नोव्हेंबर ते मार्च गाव चालू असतं, पण पुळणीवरच्या खुर्च्या-छत्र्या आवरलेल्या, बरीच हॉटेलं बंद, आणि पावसात कातळाची वाटही बंद.

पुळण कशी आहे? पोहणं सुरक्षित आहे का?

सुमारे दीड किलोमीटर लांब, बारीक वाळूची, हळूहळू खोल होत जाणारी. मुलांसाठी चांगली. सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर गोट्यांचे किनारे जास्त, म्हणून या वाळूला भाव.

अलिबाग-मुरुडच्या सवयीने भरती-ओहोटीच्या वेळा शोधू नका. भूमध्य समुद्रात भरतीचा फरक जेमतेम वीतभर, तीसेक सेंटिमीटर. पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. धोका भरतीचा नाही, वाऱ्याचा आहे. पुळण वायव्येकडे उघडी आहे. त्या दिशेचा वारा (माएस्त्राले) सुटला की दुपारनंतर लाटा वाढतात आणि पाणी आत ओढतं. सकाळी आरशासारखं दिसलेलं पाणी चारला पांढरं झालेलं असेल तर तोच हा वारा. लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नका. त्या दिवशी कातळाच्या पूर्वेला प्रेसिदियाना बंदराच्या बाजूला जाऊन पाहा. मधे कातळ असल्याने तिथलं पाणी अनेकदा शांत असतं.

जांभळट छोटे जेलीफिश (तिथे मेदूझा) काही दिवस किनाऱ्याला लागतात. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. गोड्या पाण्याने न फुटलेल्या पेशीही फुटतात आणि आग वाढते. चोळू नका.

पुळणीचे दोन प्रकार आहेत: छत्री-खुर्ची भाड्याने देणारे 'लीदो', आणि मोकळा भाग, 'स्पियाजा लीबेरा'. मोकळ्या भागात पैसे नाहीत, पण सावलीही नाही. जुन्या गावाच्या टोकाची वाळू दृश्यासाठी उत्तम, म्हणून तिथे सर्वांत आधी गर्दी होते. स्टेशनच्या दिशेने दहा मिनिटं चाललात तर जागा मिळते.

ला रोक्का चढायला किती वेळ लागतो? गड चढणाऱ्यांना जमेल ना?

राजगड चढलेल्याला हा नाश्त्याआधीचा चढ. उंची 270 मीटरच्या आसपास. वाट जुन्या गावातूनच, सालिता साराचेनी नावाच्या गल्लीतून वर जाते. खाली तिकीट असतं, सुमारे 5 युरो. पहिल्या टप्प्याला अर्धा-पाऊण तास: तटबंदी, पाण्याची टाकी आणि 'दियानाचं देऊळ' म्हणून ओळखली जाणारी प्रचंड दगडांची वास्तू. नाव देवळाचं असलं तरी तिच्या पोटात त्याहून जुनं पाण्याचं टाकं आहे. दगडी भिंती इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातल्या. वर माथ्यावर मध्ययुगीन किल्ल्याचे पायथे, त्यासाठी आणखी वीस-तीस मिनिटं. सह्याद्रीतल्या माणसाला पाण्याची टाकी, कोठारांचे चौथरे आणि कड्याचा फायदा घेऊन कुठे तट बांधायचा नि कुठे नाही हे गणित लगेच ओळखू येतं.

बहुतेक लोक देवळापाशी थांबतात. गावाचं आणि कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांचं वरून दिसणारं दृश्य खालच्याच टप्प्यावरून जास्त चांगलं, त्यामुळे माथा गाठला नाही तरी फार बिघडत नाही. हवा स्वच्छ असेल तर ईशान्येला एओलियन बेटं दिसतात.

काय चुकतं: एक, चपला. चुनखडी शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झाली आहे आणि उतरताना कोरड्या दिवशीही घसरते. दोन, पाणी. वर विकत मिळत नाही. माणशी किमान एक लिटर, उन्हाळ्यात दीड. तीन, वेळ. जुलैत अकराला चढायला लागलात तर वरच्या टप्प्यात झाड सापडत नाही. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर फाटक बंद ठेवतात आणि हिवाळ्यात दुपारीच शेवटचा प्रवेश होतो. म्हणून पहिल्या स्वच्छ सकाळी चढून घ्या, 'उद्या बघू' म्हणू नका.

कॅथेड्रलमध्ये नेमकं काय पाहायचं?

वेदीच्या मागच्या अर्धघुमटातला ख्रिस्त. बाकी सगळं नंतर.

नॉर्मन राजा रॉजर दुसरा याने 1131 मध्ये हे कॅथेड्रल बांधायला घेतलं. वादळातून वाचून इथे किनाऱ्याला लागल्यावर त्याने नवस फेडला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो-नसो, जागा लष्करी नजरेने निवडलेली आहे: पाठीला कातळ, समोर समुद्र, आणि इमारत देवळापेक्षा किल्ल्यासारखी. आतली मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं) मात्र बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक साम्राज्यातल्या कारागिरांनी केलेली, त्यावरचं साल 1148. सोन्याच्या पार्श्वभूमीवर उजव्या हाताने आशीर्वाद देणारा आणि डाव्या हातात उघडा ग्रंथ धरलेला ख्रिस्त. ग्रंथाच्या एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन, वाक्य एकच: 'मी जगाचा प्रकाश आहे.' खाली मरिया आणि चार देवदूत, त्याखाली दोन ओळींत शिष्य. मग मान वर करून लाकडी छत पाहा: तिथल्या जुन्या चित्रांची घडण अरबी वळणाची आहे. लॅटिन पंथाचा राजा, ग्रीक कारागीर, अरबी हात. या मिश्रणासाठीच पालेर्मो आणि मोनरेआलेच्या वास्तूंसोबत हे कॅथेड्रल 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

आपलं दफन इथेच व्हावं अशी रॉजरची इच्छा होती. त्यासाठी त्याने 1145 मध्ये जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्याही देऊन ठेवल्या. 1154 मध्ये तो वारला आणि दफन झालं पालेर्मोत. पुढे 1215 मध्ये त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा याने त्या पेट्याही पालेर्मोला नेल्या. राजांच्या दफनाचं गाव होण्याची चेफालूची संधी अशी दोनदा हुकली. गाव लहान राहिलं, आणि आज त्याचाच फायदा झाला आहे.

बाहेरून दोन मनोरे सारखे वाटतात, पण नीट पाहा: एकाचं शिखर चार बाजूंचं, दुसऱ्याचं आठ. खिडक्यांतल्या अमूर्त रंगीत काचा विसाव्या शतकाच्या अखेरच्या आहेत. त्यांच्यावरून अजून वाद होतात, आणि आक्षेप घेणाऱ्यांची बाजू आम्हाला पटते.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पुळणीवरून थेट येणाऱ्यांनी पिशवीत ओढणी किंवा पातळ शर्ट ठेवावा. दुपारी काही तास दार बंद असतं. प्रार्थनेच्या वेळी फिरू देत नाहीत. मनोरे, छत आणि बाजूचा ओवऱ्यांचा चौक यांचं तिकीट वेगळं.

दुपारी सगळं बंद असताना काय करायचं?

एक ते चार गाव झोपतं. हा वेळ मांद्रालिस्का संग्रहालयासाठी ठेवा, आणि जाण्याआधी त्या दिवसाच्या वेळा दारावर पाहून घ्या. एकोणिसाव्या शतकातले जहागीरदार एन्रिको पिरायनो दि मांद्रालिस्का यांनी आपला संग्रह गावाला दिला. तिथलं मुख्य चित्र अगदी लहान, साधारण वहीच्या पानाएवढं आहे: आंतोनेल्लो दा मेसिनाने पंधराव्या शतकात काढलेला अनोळखी पुरुषाचा चेहरा. त्याचं तिरकस हसू पाहून चिडलेल्या एका मुलीने तोंडावर ओरखडे काढले असं सांगतात. शिंपल्यांच्या कपाटांपाशी मुलं रमतात. आणि एक मडकं चुकवू नका, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं: सुरी हातात घेतलेला ट्यूना विकणारा आणि समोर नाणं धरलेलं गिऱ्हाईक. ससून डॉकवरची घासाघीस पाहिलेल्याला दोघांचे चेहरे समजावून सांगावे लागत नाहीत.

तिथून उतारावर विया वित्तोरियो एमानुएले रस्त्याला मध्ययुगीन धुणघाट आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की दगडी हौद, कपडे घासायला तिरक्या शिळा, आणि बिडाच्या 22 तोंडांतून पडणारं चेफालिनो नदीचं पाणी. त्यांतली 15 तोंडं सिंहमुखी. भर दुपारी गावातली सर्वांत थंड जागा हीच. पाणी पिऊ नका. पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, आणि बऱ्यापैकी चांगली. पण नावावरून पदार्थ मागवला की फसगत होते. इटालियन वेटरच्या डोक्यात 'कार्ने' म्हणजे लाल मांस. हॅम, चिकन आणि खास करून अँचोव्ही त्यात धरले जातीलच असं नाही. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. खारवून, विरघळवून तो चटणीसारखा घालतात, दिसत नाही, फक्त लागतो. म्हणून तिन्ही शब्द म्हणा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा आच्चूगे.' मांस नको, मासा नको, अँचोव्ही नको.

बिनधास्त मागवा: पास्ता आला नोर्मा (टोमॅटो, तळलेलं वांगं, खारवलेला रिकोत्ता), कापोनाता (वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या कळ्या) यांची आंबटगोड भाजी, बहुतेकदा निव्वळ शाकाहारी), पानेल्ले (हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले पातळ काप, पावात घालून), मार्गेरिता पिझ्झा.

विचारून घ्या: अरांचीना म्हणजे भाताचा तळलेला गोळा. 'अल बुर्रो' म्हणजे लोण्याचा असं ऐकून घ्याल तर आत हॅम निघतो. पालकाचा वेगळा मिळतो. स्फिंचोने हा जाड पाव-पिझ्झा कांदा-टोमॅटोचा दिसतो, पण त्यात अँचोव्ही असतेच. फ्लॉवरच्या पास्त्यातही ती असते. कान्नोलीची कुरकुरीत नळी पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीने करतात.

चीज: पार्मेजानो, पेकोरीनो, काचोकावाल्लो यांत प्राण्यांचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध फाडणारं द्रव्य) असतं. हे चालत नसेल तर 'सेन्झा फोर्माज्जो' हा चौथा शब्द. कांदा-लसूणही नको असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. भाजी ताजी मिळते, आणि पालेर्मोच्या बाल्लारो बाजाराच्या परिसरात बांगलादेशी नि तमिळ दुकानांत डाळ-मसाले मिळतात.

मासे खाणाऱ्यांनी काय मागवावं?

सार्दे आ बेक्काफीको: तारलीच्या जातीचे मासे उघडून, पावाचा चुरा, बेदाणे आणि चिलगोजे भरून भाजलेले. मासा आणि बेदाणा ऐकून नाक मुरडू नका. तलवार-मासा (पेशे स्पादा) मे-जूनमध्ये उत्तम.

बिलाचा धक्का इथेच बसतो. ताज्या अख्ख्या माशाची किंमत यादीत 'एत्तो'च्या हिशोबाने, म्हणजे 100 ग्रॅमला असते. 6 युरो वाचून मागवलेला 700 ग्रॅमचा मासा 42 युरोंना पडतो. शिजवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा, त्यात कोणालाही वावगं वाटत नाही. 'कोपेर्तो' म्हणून माणशी 2-3 युरो बिलात येतात, ती फसवणूक नाही, बसण्याचे आणि पावाचे पैसे. वेगळी टीप सक्तीची नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असाल तर पास्ता आ तायानू शोधा: मातीच्या भांड्यात मांसाचा रस्सा, तळलेलं वांगं आणि पेकोरीनो यांचे थर. भांड्याचं नाव अरबी 'ताजीन'वरून आलं. गावच्या उत्सवाचं हे जेवण आहे, एरवी क्वचित मिळतं.

तो उत्सव कोणता?

सान साल्वातोरेचा, 2 ते 6 ऑगस्ट. शेवटच्या दिवशी 'न्तिन्ना आ मारी': समुद्रावर आडवा काढलेला लांब खांब, त्याला साबण आणि चरबी चोपडलेली, टोकाला झेंडा. धावत जाऊन तो पकडायचा. बहुतेक जण अर्ध्यावर पाण्यात. दहीहंडी आडवी करून समुद्रावर नेली की जे होईल तेच. जागा जुन्या धक्क्याजवळ दोन तास आधी धरावी लागते.

भाड्याची गाडी घ्यावी का?

गावासाठी नको, डोंगरांसाठी हवी. जुन्या गावात मर्यादित वाहतुकीचा भाग (झेड-टी-एल) आहे आणि कॅमेरा नंबर टिपतो. दंड काही महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत येतो, वर त्यांचं हाताळणीशुल्क. निळे पट्टे म्हणजे पैसे देऊन पार्किंग, पांढरे फुकट, पिवळे राखीव. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून घ्या. गाड्या बहुतेक गियरच्या, आणि उजवीकडून चालवायच्या.

आसपास काय पाहावं?

एकच दिवस असेल तर कास्तेलबुओनो. मादोनिए डोंगरात, चेफालूहून बसने पाऊण तासाच्या आसपास (रविवारी बसचा भरवसा नाही). वेन्तिमिल्या घराण्याने 1316 मध्ये सुरू केलेला किल्ला गावाच्या डोक्यावर उभा आहे. पण या गावाची खरी मिरासदारी 'मान्ना'. जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ॲशच्या झाडाच्या सालीला वाकड्या सुरीने आडवे काप देतात. झिरपणारा रस उन्हात सुकून पांढरा होतो आणि झुंबरासारखा लोंबतो. एक पाऊस पडला की तो सगळा विरघळतो, म्हणून कापणाऱ्याची नजर आभाळाकडे. चव सौम्य गोड, त्यातली मुख्य साखर मॅनिटॉल. घरी नेऊन कौतुकाने मूठभर खाऊ नका, मॅनिटॉल सौम्य रेचक आहे. शुद्ध मान्ना महाग असतो. स्वस्त पांढऱ्या वड्या म्हणजे बहुधा साखर.

जिबिलमान्ना हे मरियेचं तीर्थस्थान सुमारे 800 मीटर उंचीवर. गाव तापलेलं असताना इथे झाडांत गारवा. अर्ध्या दिवसाचं काम.

पश्चिमेला हिमेरा: इसवी सनापूर्वी 480 मध्ये ग्रीकांनी इथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा पराभव केला आणि 409 मध्ये कार्थेजने येऊन शहर जमीनदोस्त केलं. आज देवळाचा पायथा आणि संग्रहालय उरलं आहे. इतिहासाची ओढ नसेल तर वगळा.

गाडी असेल तर पोलित्सी जेनेरोझापर्यंत जा. वाट फार वळणावळणाची, नकाशावरचे 50 किलोमीटर दीड तास खातात. या भागात नेब्रोदी फर नावाच्या वृक्षाची नैसर्गिक अवस्थेतली जेमतेम तीस मोठी झाडं शिल्लक आहेत, जगात इतरत्र कुठेच नाहीत.

आई-वडिलांना सोबत न्यावं का?

न्या, पण खोली तळमजल्यावरची किंवा लिफ्टची घ्या. जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचित, आणि यादीतला 'दुसरा मजला' म्हणजे अनेकदा उंच पायऱ्यांचे तीन जिने. गल्ल्यांत दगडगोट्यांची फरसबंदी आहे, चाकांची बॅग तिथे उड्या मारते. कोर्सो रुज्जेरो हा मुख्य रस्ता मात्र सौम्य उताराचा आहे आणि संध्याकाळी काठी घेऊन आरामात फिरता येतो. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखा. आणीबाणीचा नंबर 112.

प्लग, पैसे, वेळ?

बारीक दोन पिनांचा भारतीय चार्जर बसतो. तीन जाड पिनांचा बसत नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे, तरी 30-40 युरो सुटे ठेवा. भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार.

पानेल्ले घरी करता येतील का?

सुरळीच्या वड्या येत असतील तर निम्मं काम येतंच. मूळ प्रमाण: हरभऱ्याचं पीठ 500 ग्रॅम, पाणी दीड लिटर, मीठ, मूठभर चिरलेली पार्स्ली. पीठ थंड पाण्यात कालवून घ्या. गरम पाण्यात टाकलंत की गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळा. मिश्रण पातेल्याची कड सोडू लागलं की तयार. तेल लावलेल्या ताटावर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ, आणि पटकन पसरा, कारण दोन मिनिटांत ते घट्ट होतं. पूर्ण गार झाल्यावर काप करून कडक तापलेल्या तेलात तळा, लिंबू पिळा.

तिथलं पीठ काबुली चण्यासारख्या पांढऱ्या हरभऱ्याचं, आपलं बेसन चणाडाळीचं, म्हणून बेसनाला शिजताना पाणी कमी-जास्त लागतं. पहिल्या खेपेला सव्वा लिटरने सुरू करा आणि घट्ट वाटलं तर गरम पाणी वाढवा. काप तेलात फुटत असतील तर पीठ कच्चं राहिलंय: पुढच्या वेळी आणखी पाच मिनिटं ढवळा.